लोटन आप्पांची एकच गाय

सुरतेतल्या गायींवर माझ्याइतकं लिखाण कुणाच्या नावावर नसेल. एकोणीस वर्षं लिहितेय. पर्वत पाटियाहून कडोदऱ्याकडे निघालं की डाव्या हाताला गाड्यांचं एक भलंमोठं वर्कशॉप लागतं. पुढे काचेचं गारेगार ऑफिस, मागे ठोकाठोक. त्या काचेत माझं टेबल. पोचा पडलेली गाडी आली की मी विम्याचा फॉर्म पुढे ओढते आणि विचारते, "कसं झालं?" मालक एकदा छताकडे बघतो, एकदा बायकोकडे, आणि म्हणतो, "बेन, गाय आवी ने शिंगडुं मारी गई." मी लिहिते, गाय.

काय काय केलंय म्हणून सांगू या गायींनी! बारा मजली सोसायटीच्या कुलूपबंद बेसमेंटमध्ये उतरून शिंग मारून गेल्यात. शटर ओढलेल्या गॅरेजात मारून गेल्यात. एकीने तर दरवाजाला आतल्या बाजूने मारलं होतं, म्हणजे बाई गाडीत बसल्या असणार, पट्टा लावून. मी मुकाट लिहीत गेले. नोकरी करायची म्हटल्यावर गायींच्या भानगडीत कशाला पडा?

भानगडीत पडणारा एकच माणूस आमच्याकडे होता, लोटन आप्पा. आमचे सगळ्यांत जुने डेंटर, म्हणजे पत्र्याचे पोचे काढणारे कारागीर. मूळचे अमळनेरकडचे, राहायला गोडादऱ्यात, गेल्या दिवाळीत निवृत्त झाले. बुटका, रुंद माणूस. तळहात मात्र उंच माणसाचे. डाव्या हाताचा अंगठा कधीतरी हातोडीखाली सापडून चपटा झालेला. कंपनीने सगळ्यांना नाव छापलेली टोपी दिली होती, तीसुद्धा ते इमानाने घालत. फक्त जेवायच्या सुट्टीत ती काढून खिशातली पांढरी टोपी डोक्यावर चढवायचे. "अन्नापुढे कंपनी नको," म्हणायचे. सुट्टी संपली की पुन्हा कंपनी डोक्यावर.

आमच्या सुरतेत कुणी मराठी बोलतं, कुणी अहिराणी, कुणी गुजराती, आणि चिडलं की सगळे हिंदी. आप्पा गिऱ्हाइकाशी मोडकं हिंदी बोलायचे, माझ्याशी अहिराणी. मी भुसावळची, वडील रेल्वेत म्हणून उधन्याला आलेले, त्यामुळे मला कळायचं. मला ते "माय" म्हणत. त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान बाईला माय म्हणणं ही खानदेशी रीत, त्यात मला म्हातारी ठरवायचा हेतू नव्हता असं मी धरून चालले आहे.

नवीन मॉडेल आलं की शोरूमवाले लाल रिबीन बांधून ते आमच्या दारात उभं करायचे. आप्पा मागून येत, एक प्रदक्षिणा घालत, मधलं बोट वाकवून त्याचं पेर दरवाजावर टकटक वाजवत आणि कान लावून ऐकत. मग निकाल. निकाल नेहमी पापडात असायचा. त्यातल्या त्यात जाड पत्रा म्हणजे बिबडी, आपली ज्वारीची. त्याहून पातळ तो नागलीचा. आणि अगदीच हात लावायची सोय नाही असा, म्हणजे उडदाचा. जुन्या काळच्या गाड्यांना ते तवा म्हणत. "तवा आते येत नही, माय," सुस्कारा सोडायचे. "तवा गया, पापड राहिना."

तेव्हा मला वाटायचं, म्हाताऱ्याचं जुनं ते सोनं चाललंय. पण खोटं का बोलू? एकोणीस वर्षांत माझ्याच टेबलावरून दिसलं ते. आता गाडी बोलते, रस्ता दाखवते, सीट गार करते, छत उघडून चांदणं दाखवते, मागे कुत्रं आलं तर किंचाळते. फक्त तिला कुणी टेकायचं नाही. भाजीची पिशवी घासली, पोचा. शेजारच्या गाडीचं दार लागलं, पोचा. नवीन गाडीच्या पूजेत पुतण्याने बोनेटवर जरा भक्तिभावाने नारळ ठेवला, पोचा. इतक्या मोठ्या वस्तूला इतकं नाजूक अंग, आमच्या मोठ्या जाऊबाईंशिवाय मी दुसरीकडे पाहिलं नव्हतं.

आणि आमचे मॅनेजर हितेशभाई. त्यांचं एकच ब्रीद. "लोटनकाका, ठोकवानुं नथी, बदलवानुं छे." दरवाजाला लिंबाएवढा पोचा, बदला दरवाजा. बोनेट जरा बसलं, बदला बोनेट. ज्या माणसाने उभं आयुष्य पत्रा सरळ करण्यात घातलं, त्याचं काम आता स्क्रू काढणे आणि स्क्रू लावणे. आप्पा तेही करायचे. फक्त जुना दरवाजा भंगारात टाकायच्या आधी बाजूला घेऊन, लाकडी थापी आणि लोखंडी ठोकळा काढून, त्याचा पोचा सरळ करायचे, हात फिरवून बघायचे, आणि मग भंगारात टाकायचे. मी एकदा विचारलं, "आप्पा, फेकायचाच आहे तर कशाला?" म्हणाले, "माणूसले वाकडं तोंड करीसन मसणात नेतस का?"

त्यांच्याकडे एक विद्या होती आणि तिनेच पुढे त्यांच्या घराला पोचा पाडला. पोचा वाचायची विद्या. गाडी आली की आप्पा हात धुवायचे, कोरडे करायचे, डोळे मिटायचे आणि तळहात पोच्यावर ठेवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. हळूहळू फिरवायचे. डोळे का मिटता, तर म्हणे, "डोया रंगले भुलतस. हात भुलत नही." मग डोळे उघडून सांगायचे, कशाने लागलं, किती वेगात, कोणत्या बाजूने. आणि पहिलं वाक्य ठरलेलं. "हाई गाय नही शे."

एकदा साड्यांचे एक व्यापारी आले, सोबत बायको. मागच्या दरवाजावर रुंद, उथळ पोचा. गायच होती, अर्थातच, रिंग रोडवर. मी लिहायला घेतलं. आप्पांनी डोळे मिटून हात फिरवला. "गाय नहीं, सेठ. कोई टेक के खड़ा था. अच्छा लंबा खड़ा था." पुन्हा हात फिरवला. "पहले इस पाँव पे, फिर उस पाँव पे. घंटा, डेढ़ घंटा. फोन पे बात करता होगा."

शेठ हसले. बाई हसल्या नाहीत. त्या शेठकडे वळल्या आणि फार गोड आवाजात विचारलं, "दोढ कलाक? कोनी साथे?"

शेठनी गायीवर फार जोर दिला. गायीचा रंग सांगितला, शेपूट सांगितलं. पण बाईंनी गाडीची चावी स्वतःच्या पर्समध्ये टाकली होती. मी आप्पांना नंतर म्हटलं, "अहो, कशाला लोकांच्या संसारात काडी घालता?" तर भोळेपणाने म्हणाले, "मी काय करू? पत्रा खोटं बोलत नही."

दुसरी गंमत ट्रेनरची. कंपनीने वरून एक तरुण साहेब पाठवला, पातळ पत्रा का चांगला हे आम्हा अडाण्यांना समजवायला. पोरगा हुशार होता, बोलला ते खरंही होतं. बाहेरचा पत्रा हलका, म्हणून पेट्रोल कमी. आतला सांगाडा भक्कम. ठोकर बसली की बाहेरचं चुरगळतं, मार खातं, आणि आतला माणूस वाचतो. आप्पांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "साब, आदमी बचता है, बहुत अच्छा. भिड़ने के बाद का समझ गया. भिड़ने के पहले का बताओ. खड़े-खड़े क्या करना?"

साहेबाला प्रश्न आवडला. तो हसला, हाताची घडी घातली आणि उत्तर द्यायला म्हणून ऐटीत मागच्या डेमो गाडीला टेकला. टप्प असा आवाज झाला. साहेब सरळ उभा राहिला तेव्हा दरवाजावर त्याची बैठक उमटली होती, डावी-उजवी वेगळी ओळखू येईल इतकी. कुणी म्हणता कुणी हसलं नाही. हितेशभाई फळ्याकडे बघत राहिले. आप्पांनी माझ्याकडे वळून विचारलं, "फॉर्मवर काय लिखशी, माय?" मी म्हटलं, "गाय." मग जे काही हसू फुटलं, ते ट्रेनिंग त्या दिवशी पुढे सरकलंच नाही.

असा हा माणूस. हसवणारा, टोचणारा, आणि एका बाबतीत आंधळेपणाने सरळ. आता त्यांच्या मुलाचं सांगते.

भूषण. एकुलता एक. गोडादऱ्यातच एम्ब्रॉयडरीच्या दोन मशिनी टाकून सुरुवात केली आणि पाहता पाहता कारखाना केला. लग्नानंतर पर्वत पाटियाच्या मोठ्या सोसायटीत फ्लॅट घेतला. मग गाडी घेतली, उंच, पांढरी, ट्रकशी नजर भिडवणारी. डिलिव्हरीच्या दिवशी आमच्याच दारात सासू-सासरे, मेहुणे, फोटोग्राफर. पोराने बापाला पुढे बोलावलं, म्हणाला, "आप्पा, नारळ तुम्ही फोडा." आप्पांनी नारळ फोडला. आणि मग, सवयीने, पेर वाकवून दरवाजावर टकटक केली आणि कान लावला.

"उडदाचा," आप्पा म्हणाले.

सासऱ्यांना कळलं नाही. मेहुण्याला कळलं आणि तो खिदळला. भूषणचं तोंड उतरलं ते मी पाहिलं. ज्याने आयुष्यभर लोकांच्या गाड्यांखाली झोपून काम केलं त्या बापाला पोराने स्वतःची गाडी दाखवायला आणलं होतं, आणि बापाने तिला पापड म्हटलं. मला तेव्हाच आप्पांना चिमटा काढावासा वाटला. पण मी काचेच्या अलीकडे होते.

तिथून पाचेक महिन्यांनी, उन्हाळ्यात, ती गाडी आमच्या दारात परत आली. सोबत भूषण, त्याच्या सोसायटीचे चेअरमन, आणि सोसायटीचा म्हातारा वॉचमन रामदीन, हातात काठी आणि चेहऱ्यावर आता काय होणार ते. मागच्या दरवाजाला खाली वाटीएवढा पोचा होता. भूषणने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की रामदीनने आपली सायकल गाडीला टेकवली, हँडलने लागलं. कमिटी रामदीनला काढायच्या बेतात होती. रामदीन पाया पडून सांगत होता की मी सायकल तिथे लावतच नाही. तेव्हा चेअरमनना सुचलं की भूषणभाईंचे वडीलच तर यातले जाणकार आहेत, त्यांनाच दाखवू. भूषणला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायचं कारण काय सांगणार?

आप्पांना मागून बोलावलं. त्यांनी हात धुतले, कोरडे केले, पोच्याजवळ उकिडवे बसले. भूषण त्यांच्याकडे बघत होता. लहानपणी पोर काहीतरी फोडून ठेवतं आणि बापाकडे बघतं, ते बघणं. मला काचेतून दिसलं, चेअरमनलाही दिसलं असावं. आप्पांना मात्र दिसलं नाही, कारण त्यांनी डोळे मिटले होते.

"सायकल नहीं," आप्पा म्हणाले. "हँडल इतना नीचे किस देस में रहता है? ये घुटना है. गुस्से से मारा. सीधे पाँव का घुटना, हड्डी जरा बाहर को..."

तिथे ते थांबले. हात पत्र्यावरच राहिला. डोळे उघडले.

भूषण सहावीत असताना गावाकडे निंबाच्या झाडावरून पडला होता. उजवा गुडघा नीट बसला नाही, हाड जरा बाहेर आलं. त्या गुडघ्याला आप्पांनी सहा महिने तेल लावलं होतं, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं, आप्पाच सांगायचे. आता चेअरमन भूषणच्या पँटीकडे बघत होते. रामदीनने काठीवर हनुवटी टेकवली आणि रडायला लागला.

पुढचं कळलं ते असं. कुणा पार्टीने माल परत पाठवला होता, त्या रागात भूषणने पार्किंगमध्ये गाडीलाच गुडघा मारला. पोचा पडला. बायकोने विचारल्यावर तोंडातून वॉचमनचं नाव गेलं, आणि एकदा गेलं ते गेलं. माणूस वाईट नाही. फक्त पत्रा पातळ होता.

भूषण वळला, गाडीत बसला आणि गेला. रामदीनची नोकरी राहिली. आणि त्या दिवसापासून भूषणने गोडादऱ्याच्या घरी पाऊल टाकलं नाही, बापाचा फोन उचलला नाही.

मी आप्पांवर चिडले. दुसऱ्याच दिवशी विचारलं, "एकदा, एकदाच गाय म्हटला असतात तर काय बिघडलं असतं?"

"वॉचमननं बिघडतं," आप्पा म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हाताले कळनं तवय तोंड उघडी गयं व्हतं, माय."

मग श्रावण आला. खानदेशी घरांत श्रावणातल्या एका रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी उठते. तिचे रोट करतात, जाड पोळ्याच. त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, पुरुष घरात असो की परमुलखात. आणि ते रोट घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला घास द्यायचा नाही, टाकायचेही नाहीत, संपेपर्यंत खात राहायचं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही बौद्ध, आमच्याकडे कानबाई नाही. मला एवढंच दिसलं की ज्या माणसाचा डबा अकरा वर्षं माझ्या टेबलावर उघडला, ज्याची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मी माझी समजून मोडत आले, तो माणूस मंगळवारी डबा घेऊन कोपऱ्यात गेला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. बुधवारीही. गुरुवारीही. आता सांगायला लाज वाटते, पण माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. मला वाटलं, आलं शेवटी वर. अकरा वर्षांनी का होईना, म्हाताऱ्याला आमची जात आठवली. आयुष्यात अशा पाठी पुष्कळ पाहिल्यात, ओळखू येतात असा मला माज होता.

शुक्रवारी मी सरळ समोर जाऊन उभी राहिले. "काय लपवता, आप्पा? मी शिवेन म्हणून?"

आप्पांच्या तोंडात घास होता. डोक्यावर पांढरी टोपी. डब्यात कडक झालेले रोटाचे तुकडे, सोबत भाजी नाही, काही नाही. त्यांनी घास कसाबसा गिळला. "तुले देता येत नही, माय. हाई भूषणना वाटाना शे." मग सगळी रीत सांगितली. सव्वा मूठ भूषणच्या नावाने काढली होती. तो आला नाही. काकूंच्या, म्हणजे आप्पांच्या बायकोच्या, घशाखाली उतरेना. म्हणून पोराच्या वाटणीचे रोट बाप रोज कामावर आणून, कोरडे, एकटा चावत होता.

मी तिथून निघून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून ठेवला. पोचा वाचायची विद्या माझ्याकडे नाही, हे त्या दिवशी मला नीट कळलं.

वर्ष गेलं. आप्पा टकटक करायचे ते बंद झाले. रिबीन बांधलेली गाडी येई, ते बाजूने निघून जात. आम्ही मुद्दाम म्हणायचो, "आप्पा, बिबडी का नागली?" ते म्हणत, "चांगली शे." सगळ्याच गाड्या चांगल्या. असला कंटाळवाणा माणूस मी पाहिला नाही. हितेशभाई मात्र खूश होते, काका सुधरी गया म्हणायचे.

आणि मग पुढच्या वर्षीचा श्रावण, कानबाईच्या आदला शनिवार. दुपारी अडीचला ती पांढरी गाडी येऊन उभी राहिली. भूषण आत आला. बारीक झाला होता. माझ्या समोरच्या खुर्चीत बसला, उजवा हात टेबलाखाली ठेवून. मी फॉर्म ओढला. काय विचारणार? ठरलेलं तेच विचारलं, "कसं झालं?"

भूषणने छताकडे बघितलं. "गाय, ताई," तो म्हणाला. "शिंग मारलं."

मी लिहिलं, गाय. आणि मागे जाऊन आप्पांना म्हटलं, "चला, गिऱ्हाईक आहे." कोण ते सांगितलं नाही.

पुढच्या चाकाच्या वर, पत्र्याला पोचा होता. आता एवढी वर्षं आप्पांसोबत काढल्यावर थोडंफार आम्हालाही दिसतं. तिथे तीन खुणा होत्या. दोन पुसट, एक खोल. चाकाच्या वर पत्रा वाकवलेला असतो, तिथे तो कडक. म्हणजे कुणीतरी शांत डोक्याने मूठ आवळून मारलं होतं, पत्रा बसला नाही, पुन्हा मारलं, नाही बसला, तिसऱ्यांदा मारलं तेव्हा कुठे काम झालं. जन्मभर फुंकरीने बसणारा पत्रा नेमका त्या दिवशी अडून बसला होता. आणि भूषणच्या उजव्या मुठीची करंगळीकडची कड सोललेली होती, रक्त वाळलेलं. बापाकडे यायचं होतं. रिकाम्या हाताने यायची लाज वाटली, म्हणून पोचा घेऊन आला.

आप्पा भूषणसमोर आले, तसेच वळले. नळावर जाऊन हात धुतले. किती वेळ धुतले! मग कोरडे केले, गाडीजवळ आले, डोळे मिटले आणि तळहात पोच्यावर ठेवला.

वर्कशॉप थांबलं होतं. रंगवाले, स्क्रूवाले, सगळे काहीतरी काम असल्याचं दाखवत आजूबाजूला उभे होते. आप्पांचा हात पहिल्या खुणेवर गेला. दुसऱ्या. तिसऱ्यावर थांबला. मी मनात म्हणत होते, आप्पा, तोंड सांभाळा, या एकदा तोंड सांभाळा, माझ्या नोकरीची शपथ तुम्हाला.

आप्पांनी डोळे उघडले. पोराच्या मुठीकडे बघितलं. आणि म्हणाले, "गायच शे."

पस्तीस-चाळीस वर्षांत त्या माणसाने कुठल्याही पोच्याला गाय म्हटलं नव्हतं.

"कोनती व्हती?" आप्पांनी विचारलं. "काळी का पांढरी?"

"पांढरी, आप्पा," भूषण म्हणाला.

"पांढऱ्याच मारकुट्या ऱ्हातस," आप्पा म्हणाले. "लागनं का तिले?"

"थोडं."

"हळद लावजो म्हना."

तेवढ्यात हितेशभाई आले आणि पाठ केलेलं बोलले, "काका, आ तो बदलवानुं..." आप्पांनी वळूनही बघितलं नाही. खिशातून पांढरी टोपी काढली, डोक्यावर घातली, कंपनीची टोपी हितेशभाईंच्या हातात दिली आणि थापी-ठोकळा घेऊन खाली बसले. जेवणाची सुट्टी कधीच संपली होती. हितेशभाई टोपी हातात धरून उभे राहिले, मग समजून गेले. त्यांचंही लग्न झालेलं आहे, त्यांनाही बाप आहे, काही अगदीच पत्र्याचे नाहीत ते.

तो पोचा अर्ध्या तासाचा होता. आप्पांनी तीन तास लावले. भूषण शेजारी रंगाच्या उलट्या डब्यावर बसला, जुना गुडघा लांब करून. आप्पा ठोकळा आतून लावायचे, थापी बाहेरून, टक, टक, हात फिरवायचे, परत टक. बोलणं काही फार नव्हतं. मधेच मी चहा द्यायला गेले तेव्हा एवढंच कानावर आलं. आप्पा मान वर न करता म्हणाले, "तुना नावना गहू काढेल शेतस." भूषण म्हणाला, "आवंदा पन?" आप्पा म्हणाले, "मंग? आवंदा तू मरी गया व्हता का?" आणि परत टक, टक.

संध्याकाळी पत्र्यावर नख लागेल एवढीही खूण नव्हती. भूषणने पुढचं दार उघडून धरलं. आप्पा गाडीजवळ गेले आणि चढताना त्यांचं मधलं बोट वाकलं. दरवाजाजवळ गेलं. भूषण बघत होता. आप्पांनी ते बोट तसंच वर नेलं आणि कान खाजवला.

मग बसले आणि दार इतकं हळू लावलं, इतकं जपून, की ते लागलंच नाही. आतून गाडी किंचाळायला लागली. "जोरमा लाव, आप्पा," भूषण म्हणाला. "काही व्हत नही तिले." आप्पांनी परत हळूच ओढलं. परत किंचाळली. तिसऱ्या वेळी पोराने पलीकडून हात लांब करून बापाच्या अंगावरून दार ओढून घेतलं, आणि गाडी गोडादऱ्याकडे निघाली.

फॉर्म माझ्या टेबलावर तसाच होता. विम्याला काही पाठवायचं नव्हतं, तरी मी तो फाडला नाही. खणात आहे. या वेळी आळ गायीवर आला होता, आणि तिला काही नोकरी जायची भीती नव्हती.

मंगळवारी जेवायच्या सुट्टीत आप्पा पांढरी टोपी घालून माझ्या टेबलाशी आले. डबा उघडला. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी. मी मुद्दाम वाकून खालचा कप्पा बघितला.

"रोट?" मी विचारलं.

"सरनात," आप्पा म्हणाले. "दोन दिनमा. पोऱ्या भुक्या व्हता." आणि अर्धी भाकरी मोडून माझ्याकडे सरकवली.